घसाऱ्यावरच्या सायकलिंगसाठी हेल्मेट कसं निवडलं

माझ्या डोक्याचा घेर ५३ सेंटीमीटर भरतो. पुण्यातल्या बऱ्याच सायकलच्या दुकानांत समोर मांडलेली हेल्मेटं मीडियम नाहीतर लार्ज असतात, म्हणजे ५५ च्या पुढची, आणि स्मॉल मागितलं की दुकानदार आत जाऊन येतो आणि विचारतो, ताई, लहान मुलांचं चालेल का? मला ते चालणार नव्हतं, कारण मला हेल्मेट हवं होतं कानिफनाथ आणि बोपदेवच्या मागच्या कच्च्या वाटांसाठी, जिथे मुरूम सुटा झालेला असतो, मध्येच काळ्या खडकाची पायरी येते आणि दोन्ही बाजूंनी बाभळीच्या नाहीतर करवंदीच्या फांद्या बरोब्बर कपाळाच्या उंचीवर आलेल्या असतात. या वाटांवर नवीन जाणाऱ्या बायका-मुली आता बऱ्याच दिसायला लागल्यात आणि हेल्मेट कुठलं घेऊ हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी मी रोडवरच चालवायचे, सिंहगड पायथा, खडकवासला वगैरे, आणि रोडचं हेल्मेट माझ्याकडे चांगलं होतं. मग हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली आणि ग्रुपमधल्या दादांनी (वयाने मोठे आहेत, सगळे दादाच म्हणतात) पहिलीच गोष्ट सांगितली की डांबरावर माणूस पुढे फेकला जातो, इथे मात्र चढावर पुढचं चाक उचलतं आणि माणूस मागे बसतो, नाहीतर घसाऱ्यात चाक सरकलं की आडवा पडतो, तर मागचं डोकं झाकणारं घे. आता गंमत अशी की कागदावर बघायला गेलं तर रोडचं हेल्मेट आणि माउंटन बाइकचं साधं हाफ शेल (हनुवटी उघडी ठेवणारं) हेल्मेट, दोन्ही एकाच चाचणीतून पास झालेली असतात. अमेरिकेची सीपीएससी किंवा युरोपची ईएन १०७८. म्हणजे आपटण्याच्या बाबतीत एकाला पन्नास मार्क आणि दुसऱ्याला नव्वद असं काही नसतं. फरक असतो तो आकारात, ट्रेलचं हेल्मेट मागे मानेच्या वरच्या उंचवट्यापर्यंत खाली उतरतं, कानशिलाच्या बाजूलाही जास्त येतं, आणि पुढे व्हायजर, म्हणजे कपाळावर पुढे आलेली झापड, असतो. माझ्या रोडच्या हेल्मेटच्या मागे हात लावून बघितलं तर कवटीचा तो मागचा गोल भाग सरळ उघडा लागत होता. एवढं एक कारण मला पुरलं.

घरी मात्र वेगळीच चर्चा. सासरे म्हणाले, ॲक्टिव्हाचं हेल्मेट आहे की घरात, चांगलं आयएसआय मार्कचं, तेच घाल ना, जास्त मजबूत. सासऱ्यांची काळजी खरी होती म्हणून मी त्यांना नीट समजावून सांगितलं. स्कूटरचं हेल्मेट आयएस ४१५१ ला पास होतं, ते मोटरच्या वेगासाठी बनवलेलं असतं, वजन एक किलोच्या पुढे जातं आणि वारा आत फारसा शिरत नाही. टेकडीवर आम्ही चढाला ताशी सात-आठ किलोमीटरने धापा टाकत चाललेलो असतो, त्यात डोक्याला वारा लागला नाही तर चक्कर येईल, आणि मान आखडली की उतारावर नजर पुढे टाकता येत नाही. सायकलच्या हेल्मेटचं वजन तीनशे-चारशे ग्रॅम. ते त्यांना हातात दिलं तेव्हा त्यांची शंका उलट वाढली, एवढंसं हलकं, हे काय वाचवणार?

तर हे वाचवतं कसं, ते मला स्वतःलाही नीट कळून घ्यायचं होतं. वरचं कवच पातळ पॉलिकार्बोनेटचं, आणि खरं काम करतो तो आतला ईपीएसचा जाड थर, आपण थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा पण जास्त घट्ट. डोकं आपटलं की तो दाबला जातो, चिरडतो, आणि चिरडण्यात जो क्षणभराचा वेळ जातो त्या वेळात डोक्याचा वेग कमी होतो. तो एकदा चिरडला की परत फुगत नाही, म्हणून मोठ्या आपटीनंतर हेल्मेट संपलं. सीपीएससीच्या चाचणीत साधारण पाच किलोचं डोक्याच्या आकाराचं वजन आत घालून हेल्मेट दोन मीटर उंचीवरून सपाट लोखंडावर सोडतात, फुटपाथच्या कडेसारख्या आकारावर आणि गोल आकारावर १.२ मीटरवरून, आणि आतल्या डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटीच्या वर जाता कामा नये. तापवून, गार करून, भिजवून अशा सगळ्या अवस्थांत. युरोपवाले साधारण दीड मीटरवरून सोडतात पण मर्यादा २५० पटीची ठेवतात. हे वाचल्यावर मी दुकानात गेले की पहिल्यांदा हेल्मेट उलटं करून आतलं स्टिकर बघायला लागले. त्यावर चाचणीचं नाव, साइज, वजन आणि बनवल्याचा महिना-वर्ष असतं. एका दुकानात असं स्टिकरच नसलेलं एक हेल्मेट, दिसायला एकदम झकास, मॅट फिनिश, मागे लाल लाइट, आणि विचारलं तर उत्तर आलं की इंपोर्टेड आहे मॅडम. मी ते खाली ठेवून दिलं. ऑनलाइनही असा माल भरपूर आहे, नावाजलेल्या मॉडेलचा हुबेहूब फोटो आणि किंमत पाव. डोक्याच्या बाबतीत हा सौदा करू नका, कळकळीने सांगते.

फुलफेस, म्हणजे हनुवटीसकट तोंड झाकणारं, घ्यावं का हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता कारण दात आणि हनुवटी हाफ शेलमध्ये उघडीच राहतात. एका मित्राचं हलकं फुलफेस घालून बघितलं, सातशे-साडेसातशे ग्रॅमचं, जाळीसारखी हनुवटीची पट्टी, घातल्यावर वाटलं हेच घ्यावं. मग ते घालून बोपदेवच्या मागे एक चढ चढले, एप्रिलमध्ये, सकाळी नऊनंतर, आणि वर पोचेपर्यंत चष्म्यावर वाफ आणि हनुवटीच्या पॅडमधून घाम गळत होता. आपल्याकडे परदेशातल्या बाइक पार्कसारखी वर नेणारी लिफ्ट नाही, जेवढं उतरायचं तेवढं सगळं आधी स्वतः चढायचं, त्यामुळे हेल्मेट तुमच्या डोक्यावर जास्त वेळ चढाला असतं. फुलफेस काढून हँडलला अडकवून चढणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, चढावर तोल जाऊन पडणं होतंच. हनुवटीची पट्टी सुटी करता येते अशीही मॉडेल्स मिळतात, ती छान आहेत पण माझ्या साइजला मिळेनात आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर. मी उड्या मारत नाही, मोठे ड्रॉप (उंचावरून सायकलसकट खाली झेप) घेत नाही, अवघड पायरी आली की उतरून सायकल हातात धरते. माझ्यासारखं चालवणाऱ्याला मागून खोल उतरणारं हाफ शेल योग्य, असं माझं मत झालं. पण जे उड्या मारतात त्यांनी फुलफेसच घ्यावं आणि घेताना एएसटीएम एफ१९५२ (डाउनहिल हेल्मेटांची अमेरिकन चाचणी) लिहिलंय का ते बघावं, कारण हनुवटीच्या पट्टीची चाचणी त्यात होते, साध्या सीपीएससी किंवा ईएन १०७८ मध्ये ती होतच नाही. नुसती पुढे पट्टी आहे म्हणून ती मार सोसेल असं नाही.

मग आलं मिप्स. दुकानात प्रत्येक जण मिप्स आहे, मिप्स नाही असं सांगतो पण ते काय करतं हे विचारलं की सेफ्टी म्हणून थांबतो. वर लिहिलेल्या चाचण्यांत हेल्मेट सरळ खाली पडतं, पण खऱ्या पडण्यात आपण पुढे जात असतो, डोकं जमिनीला तिरकं लागतं आणि मानेवर झटक्यात फिरतं. त्या फिरण्याने मेंदूला जो पीळ बसतो तो फार वाईट. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधले न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि तिथल्याच केटीएच या तंत्रज्ञान संस्थेतले पीटर हॉल्डिन यांनी नव्वदच्या दशकात यावर काम सुरू केलं आणि त्यातून हे आलं. हेल्मेटच्या आत एक पातळ, गुळगुळीत प्लास्टिकचा थर रबरी टाचण्यांवर तरंगता बसवलेला असतो, तिरका मार लागला की बाहेरचं हेल्मेट डोक्याभोवती दहा-पंधरा मिलिमीटर सरकतं आणि फिरण्याची ताकद थोडी कमी पोचते. दुकानात हे हाताने बघता येतं, हेल्मेट घालून पट्टा लावायचा आणि वरून धरून हळूच पिळायचं, आतला थर डोक्याला धरून राहतो आणि बाहेरचं किंचित सरकतं. याच कामासाठी इतर कंपन्यांच्या वेगळ्या युक्त्याही आहेत, कुणाच्या जेलच्या गाद्या, कुणाच्या आत दुमडणाऱ्या जाळ्या.

यातलं चांगलं कुठलं हे बघायला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची यादी फार उपयोगी पडली. ते २०१८ पासून सायकलच्या हेल्मेटांना तारे देतात, तिरक्या आपटीचा हिशोब धरून, पाच तारे सगळ्यात वर, आणि ताऱ्यांशेजारी एक आकडा असतो तो जितका लहान तितका चांगला. ती यादी वाचून माझा एक समज पार गेला, महाग म्हणजे सुरक्षित हा. त्यात अगदी मध्यम किमतीची हेल्मेटं पाच तारे घेऊन बसलीत आणि त्यांच्याहून कितीतरी महागडी त्यांच्या खाली आहेत. जास्तीचे पैसे जातात ते हलकेपणाला, हवेच्या भोकांना, चुंबकाच्या बकलला. तरी तारे बघून सरळ ऑर्डर देऊ नका, कारण तिथे हेल्मेट एका ठरलेल्या आकाराच्या डोक्यावर बसवलेलं असतं, आणि तुमचं डोकं त्या आकाराचं असेलच असं नाही.

आणि इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. घेर सारखा असला तरी कुणाचं डोकं वरून बघितलं तर गोल, कुणाचं लांबट. माझं लांबट आहे. गोल डोक्याचं हेल्मेट घातलं की कपाळाला आणि मागे टोचतं पण कानांच्या वर दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट. उलट ज्यांचं डोकं गोल त्यांना कानशिलावर दाबतं. एक विक्रेता मला सारखा सांगत होता, मॅडम, मागचं डायल आवळा की बसतं. डायल आवळल्यावर आतला पट्टा घट्ट होतो हे खरं, पण बाहेरचं हेल्मेट तसंच मोठं राहतं आणि पट्ट्याभोवती डुलतं. डायल शेवटपर्यंत फिरवल्यावरच जर बसत असेल तर ते तुमचं साइज नाही. मी एक सोपी परीक्षा ठरवली होती, हेल्मेट घालायचं, डायल मध्यावर, हनुवटीचा पट्टा न लावता कमरेतून खाली वाकायचं आणि मान डावी-उजवी हलवायची. पडलं नाही, सरकून डोळ्यांवर आलं नाही तर पुढचं बघायचं. मग ते घालून दुकानात वीस एक मिनिटं नुसतं वावरायचं, काढल्यावर आरशात कपाळ बघायचं. पॅडचा हलका सारखा ठसा असेल तर ठीक. एकाच जागी लाल खळगा उठला असेल तर तासाभराने तिथे डोकं ठणकणार आणि मग तुम्ही ते हेल्मेट वर सारणार, म्हणजे कपाळ उघडं. बसायला हवं भुवयांच्या दोन बोटं वर, आणि सपाट. पट्ट्यांचा वाय कानाच्या बरोब्बर खाली मिळाला पाहिजे, कानावर नाही, आणि हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा.

आता चष्मा आणि केस, ज्याबद्दल कुणी लिहितच नाही. माझा चष्मा रोजचाच आहे, त्याच्या काड्या कानामागे जिथे जातात तिथेच बऱ्याच हेल्मेटांचा मागचा पाळणा (डायलवाला, डोकं मागून धरणारा भाग) येऊन टेकतो, मग काडी दाबली जाते आणि खड्ड्यात चष्मा उडी मारतो. ज्या मॉडेलमध्ये तो पाळणा खाली-वर करायची सोय आहे, तीन-चार खाचा असतात, त्यात हे जमतं, म्हणून घ्यायला जाताना चालवताना वापरणार तोच चष्मा घालून जा. केसांचं तसंच. दुकानात मी मुद्दाम वेणी घालून गेले. अंबाडा किंवा वर बांधलेली पोनीटेल असेल तर हेल्मेट मागून उचललं जातं आणि ज्या मागच्या भागासाठी एवढे पैसे देतोय तोच उघडा पडतो. मानेशी सैल वेणी घातली की पाळणा तिच्या वर नीट बसतो. काही मिप्सच्या थरांना कडेला बारीक फटी असतात, त्यात केस अडकतात आणि काढताना उपटतात, मला एक अगदी चांगल्या ताऱ्यांचं हेल्मेट एवढ्याच कारणाने सोडावं लागलं. ज्या बायकांचे केस लांब आहेत त्यांनी हे बोट आतून फिरवून बघाच.

शेवटी मनासारखं सापडलं ते स्मॉल, ५१ ते ५५ चं, मिप्सचं, मागून खोल, तीनशे साठ ग्रॅमच्या आसपास, सात हजारांच्या आत, आणि ते दुकानात नव्हतंच. पण त्याच कंपनीचं मीडियम एका दुकानात होतं, त्यावरून आकार लांबट आहे हे कळलं, आणि दुकानदाराने स्मॉल मागवून दिलं, न बसल्यास परत घेईन या बोलीवर. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग पाचजणी तेच मागवतील आणि त्यातल्या तिघींची डोकी गोल असतील.

पहिल्यांदा ते घालून कानिफनाथकडून खाली उतरताना मला सगळ्यात जास्त काय जाणवलं तर ते डोक्यावर आहे हे विसरायला झालं. घसाऱ्यावर नजर चाकाच्या पुढे सात-आठ फूट ठेवायची असते, जरा काही डोळ्यांवर सरकलं की लक्ष तुटतं आणि पुढचा ब्रेक दाबला जातो. व्हायजर मी आधी खाली ठेवला होता उन्हासाठी, तर चढावर मान वर केली की वाटच दिसेना, तो एक खाच वर केल्यावर जमलं. बाभळीच्या एका फांदीने व्हायजरवर लांब ओरखडा काढला. तो ओरखडा नाहीतर चष्म्यावर आला असता, तेव्हा ज्यांना व्हायजर नुसता दिखाऊ वाटतो त्यांनी पुनर्विचार करावा.

घामाचं मात्र बघावं लागतं. पॅड वेल्क्रोवर असतात, काढून साध्या साबणाने हाताने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. पावसाळ्यात ते वाळतच नाहीत, जादा सेट असलेला बरा. थिनर, पेट्रोल, स्पिरिट असलं काही कवचाला लावायचं नाही, स्टिकर काढायलाही नाही, आतला ईपीएस विरघळतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवून जायचं नाही. साधारण पाच वर्षांनी बदला असं बहुतेक कंपन्या सांगतात, रोज घाम आणि ऊन खाणारं असेल तर मी आधीच बदलेन.

मध्यंतरी आमच्या ग्रुपमधला एक मुलगा दिवे घाटाच्या वरच्या बाजूला आडवा पडला, वेग फार नव्हता, डोक्याची बाजू दगडाला लागली. तो उठला, पाणी प्यायला, बोलत होता नीट, तरी दादांनी त्याला सायकलवर बसू दिलं नाही, गाडी बोलावून डॉक्टरकडे नेलं, आणि ते बरोबरच होतं कारण डोक्याच्या मारात तासाभराने त्रास सुरू होऊ शकतो. हेल्मेट बाहेरून बघितलं तर नुसतं खरचटलेलं. पॅड काढल्यावर दिसलं, कानाच्या वर ईपीएसमध्ये केसाएवढी चीर भोकापासून भोकापर्यंत गेलेली आणि त्याच्या शेजारी अंगठ्याएवढा भाग चपटा. हाताने दाबलं तर बाकीचा ईपीएस टणक आणि तिथला भुसभुशीत. त्याचा जीव होता त्या हेल्मेटवर, चालेल अजून म्हणत होता. दादांनी तिथल्या तिथे पट्टे कापून टाकले, म्हणजे भंगारात गेलं तरी कुणी उचलून घालणार नाही.

त्याला नव्या हेल्मेटवर कंपनीकडून सूट मिळाली. पडण्यात तुटलेल्या हेल्मेटच्या बदल्यात अशी सूट काही कंपन्या देतात, त्यासाठी बिल आणि तुटलेल्याचे फोटो मागतात, आतल्या स्टिकरचाही. तर घेतल्या दिवशीच बिलाचा आणि स्टिकरचा फोटो काढून ठेवा, कारण स्टिकरवरची शाई घामाने वर्षभरात पुसली जाते.